तिळ्यांची मोजदाद

महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २००५ सालच्या नियमांनी ही अट आली. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर नोकरी नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनाही तशीच अट आहे आणि ती त्याहून थोडी जुनी आहे. या नियमांच्या पोटात एक छोटंसं स्पष्टीकरण दडलेलं आहे. जोडप्याला आधीचं एक मूल असेल आणि नंतरच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तर ती सगळी मिळून एकच धरायची. जुळं असो, तिळं असो, कायद्याच्या लेखी एक. पहिल्याच खेपेला तिघं झाली तर काय, यावर ही ओळ गप्प आहे. तरीही लिहिणाऱ्याला हे सुचलं, याचं मला कौतुक वाटतं. कोणीतरी मंत्रालयात बसून असा विचार केला असणार, की बाईने ठरवून तीन आणली नाहीत, मग शिक्षा कशाला?

तिळ्यांची आई असलेल्या बाईला आयुष्यभर मोजावं लागतं. कधी तीन, कधी दोन, कधी एक. मी अशी एक आई आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये मला तिळं झालं. त्यातली दोघं मोठी झाली. माझी हकिगत इथे लागेल तेवढीच येईल. मला कुतूहल आहे ते या मोजण्याचं. एका वेळी तीन जन्माला येणं आपल्याकडे कोणी, कसं मोजलं आणि त्या मोजणीत बाळंतीण कुठे होती?

निसर्गाचं गणित हेलिन नावाच्या माणसाने १८९५ साली मांडलं. सुमारे ८९ बाळंतपणांत एक जुळं, ८९ गुणिले ८९ म्हणजे ७९२१ बाळंतपणांत एक तिळं, आणि पुढे त्याच चालीने चारचं. हा ठोकताळाच आहे. आईचं वय, तिची आधीची बाळंतपणं, घराण्यातली जुळी, आणि कोणत्या मुलखातली माणसं यावर आकडा हलतो. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळी फार, जपानात कमी. पण ठोकताळा म्हणून तो डोक्यात ठेवायला सोपा आहे. मुंबईत वर्षाला दीड लाख जन्म धरले, तर या हिशोबाने औषधांच्या मदतीशिवाय एकोणीसेक तिळी व्हायला हवीत. म्हणजे दर महिन्याला एक किंवा दोन. एवढ्या मोठ्या शहरात ही संख्या अगदीच नगण्य नाही. तरी तिळ्यांच्या आईला पहिली काही वर्षं वाटत राहतं, की आपण सोडून हे कोणालाच झालेलं नाही.

पुराणांना असल्या संख्यांचं वावडं नव्हतं. सगराच्या राणीला भोपळा झाला आणि त्यातून साठ हजार पुत्र निघाले. गांधारीच्या पोटातून लोखंडासारखा गोळा पडला, व्यासांनी त्याचे तुकडे तुपाच्या घड्यांत ठेवले आणि शंभर पुत्र व एक मुलगी झाली. हल्ली यावरून प्राचीन टेस्टट्यूब बेबीच्या गप्पा मारणारे लोक भेटतात. मला त्या कथेतलं दुसरंच काही खरं वाटतं. गांधारी दोन वर्षं पोट घेऊन बसली आहे, कुंतीला मुलगा झाल्याची बातमी येते, आणि ती आपल्याच पोटावर प्रहार करते. घड्यांच्या तंत्रज्ञानापेक्षा तो प्रहार कोणीतरी बाईजवळ बसून ऐकलेला वाटतो. आपल्या घराघरांत श्रावणात लावायचा जिवतीचा कागदही आठवा. त्यात जरा आणि जिवंतिका यांच्या मांडीवर, अंगाखांद्यावर, पाळण्यात मुलंच मुलं असतात. पूजा करणाऱ्या कुणालाच ती किती आहेत ते सांगता येणार नाही. भरपूर असावीत एवढंच, कारण त्यातली किती टिकतील याचा भरवसा नव्हता.

त्या भरवशाबद्दल एक नाव सांगायलाच हवं. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. विद्वत्तेचा ग्रंथ म्हणून तो वाचला जातो, जायलाच हवा. पण आपल्या भाषेतल्या बायकांच्या आत्मचरित्रांत बाळंतपण बहुधा एका वाक्यात उरकलेलं असतं आणि गेलेलं मूल अर्ध्या वाक्यात. आनंदीबाईंनी त्या अर्ध्या वाक्याचा प्रबंध केला, असं मला वाटतं.

सोनोग्राफी येण्यापूर्वी तिळं हे बहुतेक वेळा बाळंतपणाच्या खोलीतच कळायचं. पोट दिवसांच्या मानाने मोठं दिसायचं, सुईण चाचपून म्हणायची, दोन डोकी लागतात. मिशनच्या किंवा डफरिन फंडाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नळीने दोन ठोके ऐकायच्या. तिसऱ्याचा पत्ता दुसरं बाहेर आल्यावर लागायचा. तोवर आई दमून गेलेली, तिसरं बहुधा सर्वांत लहान आणि आडवं. ग्लासगोच्या इयान डोनाल्डने १९५८ साली ध्वनिलहरींनी पोटातलं पाहता येतं हे छापून दाखवलं, पण उपनगरातल्या डॉक्टरांच्या टेबलाशेजारी ते यंत्र यायला ऐंशीचं दशक उजाडलं. म्हणजे आमच्या आयांच्या पिढीपर्यंत तिसरं मूल हे आश्चर्य होतं. माझ्या पिढीला ते चौथ्या महिन्यात काळ्या पडद्यावर दिसलं. डॉक्टर एक म्हणाले, दोन म्हणाले, मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. ती शांतता माझ्या बाळंतपणाची पहिली आठवण आहे.

आता जागेबद्दल. अंधेरी, घाटकोपर ही गावं १९५० साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्याआधी बाळंतपणाची मोठी रुग्णालयं सगळी शहरात होती. कामा १८८६ पासून. परळला के. ई. एम. आणि नवरोजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ ची. उपनगरांनी पुढे राजावाडी, कूपर, भगवती, अगरवाल अशी पालिकेची रुग्णालयं मिळवली. पण उपनगरी मध्यमवर्गाचं खरं बाळंतपण झालं ते नर्सिंग होममध्ये. सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन ब्लॉक जोडून केलेलं दहा खाटांचं नर्सिंग होम, बाहेर 'मॅटर्निटी अँड सर्जिकल'चा बोर्ड, आत डॉक्टर नवराबायको, वरच्या मजल्यावर त्यांचं घर. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी शेकडो. एका बाळासाठी ही व्यवस्था झकास होती. डॉक्टरीणबाई ओळखीच्या, आई डबा घेऊन चालत येऊ शकायची, वडील स्टेशनवरून परस्पर यायचे. तीन बाळांसाठी मात्र ती नव्हती. तिळं सरासरी बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मतं, एकेकाचं वजन पावणेदोन किलोच्या आगेमागे किंवा त्याहून कमी. त्यांना पेटी लागते, नळी लागते, रात्रभर उभी राहणारी नर्स लागते. त्यासाठी बाळांना पुन्हा शहराकडेच न्यावं लागे. आई तळमजल्यावरच्या खाटेवर आणि बाळं पंधरा-वीस किलोमीटरवर, असं तिळ्याचं उपनगरी बाळंतपण असायचं.

याचा कागदोपत्री परिणामही गमतीचा आहे. जन्माचा दाखला जन्म जिथे झाला त्या वॉर्डात मिळतो. मुलुंड म्हणजे टी वॉर्ड, घाटकोपर एन, बोरिवली आर मध्य, अंधेरीचे के पूर्व आणि के पश्चिम. पण अवघड बाळंतपण म्हणून आईला आधीच परळला हलवलं असेल, तर दाखला एफ दक्षिणचा. उपनगरातली कितीतरी माणसं, विशेषतः जुळी-तिळी, कागदावर परळची आहेत. आयुष्यात कधी परळला राहिलेली नाहीत. मृत्यूचा दाखलाही तसाच, मृत्यू झाला त्या वॉर्डातून. आमच्या घरात जन्माचे तीन दाखले एका वॉर्डाचे आहेत आणि चौथा कागद दुसऱ्या वॉर्डाचा.

तिळ्यांची संख्या हेलिनच्या सूत्रातून बाहेर पडली ती औषधांमुळे. बीजकोशाला चालना देणारी क्लोमिफिनची गोळी अमेरिकेत १९६७ साली बाजारात आली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. स्वस्त, पोटात घ्यायची, महिन्यातून पाच दिवस. तिने एकाऐवजी दोन बीजं पिकवली तर जुळं, क्वचित तीन. मला हीच गोळी दिली होती. शेजारणीने जुळं केळं खाल्लंस का म्हणून विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. मूल होण्यासाठी औषध घेतलं हे त्या काळी मुलुंडच्या आमच्या जिन्यात बोलायची गोष्ट नव्हती.

गोळीच्या पुढचा टप्पा म्हणजे परळचीच एक घटना. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मिळून केलेला तो प्रयोग. पालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात, जिथे बाह्यरुग्ण विभागाची रांग रस्त्यापर्यंत येते, तिथे भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्टट्यूब बेबी जन्मली याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. पहिली म्हणावं तर कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच ते साधलं होतं. लुईज ब्राऊननंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. सरकारी समितीने त्यांची टर उडवली, त्यांची बदली झाली आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ साली आनंद कुमारांनीच त्यांची कागदपत्रं वाचून जाहीर लिहिलं, की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या नावावरचं 'पहिला' स्वतः पुसणारा शास्त्रज्ञ विरळाच. मोजणीच्या या लेखात त्यांना जागा द्यायलाच हवी होती.

टेस्टट्यूबच्या पद्धतीत तिळं होणं हे निसर्गाचं कमी आणि हिशोबाचं जास्त झालं. एक गर्भ गर्भाशयात सोडला तर रुजेल याची खात्री नाही. खर्च मोठा, जोडप्याची सगळी जमा त्यात गेलेली. मग तीन सोडा, एक तरी राहील. कधी तिन्ही राहतात. २००५ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा एका वेळी साधारणपणे तीनपेक्षा जास्त सोडू नयेत असं सांगावं लागलं. यावरून त्याआधी काय चालत असेल याची कल्पना येते. नव्वदच्या दशकात आणि पुढची दहाबारा वर्षं उपनगरांत वंध्यत्वाची क्लिनिकं उघडत गेली आणि त्याबरोबर शाळेच्या एकाच वर्गात एकाच आडनावाची तीन मुलं दिसायला लागली.

त्याच क्लिनिकांत एक गोष्ट अशी घडते जिचं नाव घरी कोणी घेत नाही. अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमाराला डॉक्टर विचारतात, एक कमी करायचा का? तिघांचा भार घेतला तर तिघंही लवकर जन्मतील, कदाचित एकही टिकणार नाही. दोन ठेवले तर शक्यता बरी. पोटातून बारीक सुई नेऊन एका गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड सोडतात. कुठला, ते सुई कुठे सहज पोहोचेल यावर ठरतं. लिंगावरून ठरवणं गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, तो याच शहरातल्या बायकांनी लढून. या निर्णयाला कोणी बरंवाईट म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तो अनेकदा योग्यच असतो. पण मुंबईच्या उपनगरांत जुळ्यांच्या अनेक आया अशा आहेत ज्यांच्या मनात मोजणी तीनपासून सुरू होते. त्यांना बारशाला कोणी विचारत नाही, वर्षश्राद्ध तर नाहीच. मला हा प्रश्न विचारला गेला नाही. १९९४ साली माझ्या डॉक्टरांच्या हाताशी ती सोय नव्हती. असती तर मी काय उत्तर दिलं असतं, यावर मी नवऱ्याशी आजवर बोललेले नाही.

मला सोय होती ती टाक्याची. गर्भाशयाचं तोंड लवकर उघडू नये म्हणून त्याभोवती घालायचा टाका, जगभरच्या पुस्तकांत ज्याला शिरोडकर टाका म्हणतात. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्याचे, शिरोड्याचे. काम सगळं मुंबईत. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पहिले टाके मांडीच्या आवरणातून काढलेल्या पट्टीचे होते. एका मराठी-कोंकणी माणसाचं नाव आज टोकियोपासून टोरांटोपर्यंतच्या बाळंतिणींच्या केसपेपरवर आहे. त्यांच्या टाक्याने असंख्य गर्भ वाचवले. केवळ पोटात एकाहून जास्त आहेत म्हणून सरसकट टाका घातल्याने फायदा होत नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण तेव्हा घालत. टाका, डाव्या कुशीवर झोपणं, खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा. साडेतीन महिने मी मुलुंडच्या दुसऱ्या मजल्यावरून छताचा पंखा पाहत काढले. आईने डिंक, अळीव, खारीक सगळं तीनपट आणून ठेवलं होतं. तिचा हिशोब सोपा होता.

एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. त्याआधी दोन दिवस मला दंडात इंजेक्शनं दिली होती, बाळांच्या फुप्फुसांसाठी. या इंजेक्शनांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरं जगू नयेत, ती श्वास घेत होती. लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली बायकांवरचा अभ्यास छापला. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि वीसेक वर्षं बहुतेकांनी वापरला नाही. अमेरिकेत त्यावर तज्ज्ञांची मोठी बैठक बसून शिफारस झाली तीच १९९४ च्या सुरुवातीला. घाटकोपरच्या तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना ते त्या ऑगस्टमध्ये माहीत होतं आणि त्यांनी ते केलं, यासाठी मी त्यांचं नाव न घेता त्यांना नमस्कार करते. त्याआधी एकतीस वर्षं, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांना, केनेडींना, साडेपाच आठवडे आधी मुलगा झाला होता. वजन दोन किलोच्या वर. माझ्या सर्वांत मोठ्या बाळापेक्षा जास्त. फुप्फुसं पिकली नव्हती आणि जगातली सगळी सत्ता हाताशी असून तो एकोणचाळीस तासांत गेला.

माझ्या आठवणीत जन्म हा आवाज आहे. सिझेरियनला कमरेतून भूल दिली होती, समोर हिरवं कापड. पहिल्याचं रडणं आलं, मांजराच्या पिलासारखं. दुसरीचं लगेच. तिसऱ्याचं आलं नाही. पलीकडे पावलं, कात्रीचा आवाज, कोणीतरी घाई करा म्हणालं. मग अगदी बारीक, तक्रार केल्यासारखं एकच. वजनं नंतर कळली. दीड किलो, एक चारशे, अकराशे. त्यांना कापसात आणि दुपट्यांत गुंडाळून, गरम पाण्याच्या पिशव्यांच्या कडेने, अँब्युलन्समधून शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. मला दाखवलं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. मला कोणाचाही चेहरा आठवत नाही.

इथे मला नेहमी कॅनडातली एल्झिर दियॉन आठवते. २८ मे १९३४ रोजी ओंटारियोतल्या एका शेतघरात पंचवीस वर्षांच्या या बाईला पाच मुली झाल्या. पाची मिळून वजन सहा किलो. दोन सुइणी आणि गावचा डॉक्टर. कडेला गरम पाणी, टोपली, कापूस, पुढे रॉकेलवर तापवायची पेटी. पाची जगल्या, एका वेळी झालेली पाच मुलं बाळपण ओलांडून जगल्याची ती पहिली नोंद. मग सरकारने कायदा करून मुली आईबापांकडून काढून घेतल्या आणि रस्त्यापलीकडे खास इमारत बांधून तिथे ठेवल्या. काचेआडून पाहायला लोक येऊ लागले. नऊ वर्षांत सुमारे तीस लाख. आईला स्वतःच्या मुलींना भेटायला रस्ता ओलांडून परवानगी घ्यावी लागे. १९४३ साली मुली घरी परतल्या, पण घर त्यांना परकं होतं, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. १९९८ साली ओंटारियो सरकारने उरलेल्या तिघी बहिणींना चाळीस लाख डॉलर दिले. मुलींची माहिती जगाला तोंडपाठ होती. एल्झिरला रात्री दूध येत असेल तर ती त्याचं काय करत होती, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

दुधाची गोष्ट मात्र मुंबईत कोणीतरी विचारली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, ज्याला सगळे सायन हॉस्पिटलच म्हणतात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बाळांच्या विभागात होत्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे बाळं जंतुसंसर्गाने जात होती. बाटल्या, डब्याचं दूध, गर्दी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते यंत्र आणण्याच्या उलट होतं. बाटल्या बंद केल्या, डब्याचं दूध बंद केलं आणि आयांना आत घेतलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हात लावायला आई आली की जंतू येतात, असं तोवर शिकवलं जाई. इथे धारावीच्या, माहीमच्या, कुर्ल्याच्या बायका हात धुऊन, गाऊन घालून आपल्या बाळाला स्वतः दूध पाजू लागल्या, पुसू लागल्या, आणि मृत्यू कमी झाले. पुढचा प्रश्न, ज्या आईला दूध पुरत नाही किंवा जी आजारी आहे तिच्या बाळाचं काय? ब्रिटनमधली दूधपेढी पाहून आलेल्या फर्नांडिसबाईंनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनला आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. वॉर्डातल्याच बायका जास्तीचं दूध देतात. ते साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. शिवाजी महाराजांच्या काळातली हिरकणी घरी एकटं राहिलेल्या तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली म्हणतात, आणि एस. टी. स्टँडवरच्या पाजण्याच्या खोलीला आज तिचं नाव आहे. सायनच्या पेढीत कोण कोणासाठी कडा उतरलं हे आईलाही कळत नाही. बाटलीवर नाव नसतं.

माझी बाळं सायनला नव्हती. ज्या रुग्णालयात होती तिथे आयांना काचेपर्यंतच जाता येई, आणि टाके ओले असल्याने मला तेवढंही नाही. पण दूध हवं होतं, हे त्यांनीही सांगितलं. तिळ्याचं दुधाचं गणित असं. बाळ स्थिरावल्यावर किलोमागे दिवसाला सुमारे दीडशे ते एकशेऐंशी मिलिलिटर. दीड किलोच्या बाळाला साधारण पाव लिटर. तिघांना मिळून पाऊण लिटरच्या जवळ. दर दोन तासांनी पाजायचं तर दिवसाला छत्तीस वेळा. सुरुवातीला मात्र एका वेळी दोन मिलिलिटर, नळीतून. मी वाटीत पिळून काढायचे, आई ते उकळलेल्या स्टीलच्या डबीत भरायची, डबी बर्फ घातलेल्या थर्मासात, आणि माझा नवरा घाटकोपरहून गाडी पकडून ते नेऊन द्यायचा. सकाळी ऑफिसला जाताना आणि पुन्हा रात्री. मी घरी आल्यावर तेच मुलुंडहून. गर्दीच्या डब्यात थर्मास डोक्याच्या वर धरून उभा राहायचा. एकदा कोणीतरी चहा आहे का विचारलं, हो म्हणाला.

अकराव्या दिवशी तो थर्मास घेऊन परत आला तेव्हा डब्या दोनच रिकाम्या होत्या. त्याने काही सांगितलं नाही. मी तिसरी डबी उघडून पाहिली, दूध तसंच होतं. अकराशे ग्रॅमचा, तक्रार केल्यासारखा रडलेला. संसर्ग झाला होता. त्याला माझ्या सासऱ्यांनी आणि नवऱ्याने नेलं. इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. मी त्याला पाहिलेलं नाही. बाकीची दोघं सदतीस आणि बेचाळीस दिवसांनी घरी आली. मला जास्तीचं दूध येतच राहिलं, कारण छाती तिघांसाठी भरत होती. सायनला पेढी आहे हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते मोरीत ओतलं.

घरी आल्यावर जिन्यातल्या बायका मदतीला आल्या. तो काळ आणि ती सोसायटी तशी होती. समोरच्या काकूंनी मालिश घेतलं, तळमजल्यावरच्या गुजराती भाभींनी लंगोट वाळत घालायला आपली गॅलरी दिली. पावसात ते वाळत नसत, मग इस्त्रीने वाळवायचे. आईने शेक-धुरी सगळं केलं, वावडिंग आणि ओवा यांचा वास आजही नाकात आहे. बारशाला दोन पाळणे मांडले. तिसरा, जो भाड्याने आणून ठेवला होता, तो आदल्या दिवशी गपचूप परत गेला. पाहुण्या बायका म्हणाल्या, जुळं किती गोड. तेव्हापासून आम्ही जुळ्यांचे आईबाप झालो. शाळेत, डॉक्टरकडे, लग्नपत्रिकेत.

नोकरीचंही सांगून टाकते. भारतात बाळंतपणाच्या रजेचा पहिला कायदा मुंबई प्रांताने १९२९ साली केला, गिरण्यांमधल्या बायकांसाठी. त्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं असल्याने तो भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९६१ च्या देशव्यापी कायद्याने पुढे बारा आठवडे मिळाले आणि २०१७ पासून सव्वीस. तिळं झालं म्हणून जास्त आठवडे नाहीत. दिवस अपुरे राहिले किंवा आजारपण आलं तर फार तर एक महिना वाढीव. रजा बाळंतपणाला असते, बाळांना नसते. म्हणजे इथेही एका बाळंतपणातले तिघं एकच. खाटेवरच्या महिन्यांत माझी रजा संपली होती, मी बिनपगारी घेतली आणि नंतर नोकरी सोडली.

मुलं सहा वर्षांची असताना, २००१ च्या फेब्रुवारीत, जनगणना झाली. आमच्याकडे आलेल्या बाई पालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, दुपारी उन्हाच्या दमलेल्या. त्यांना मी पाणी दिलं. भलामोठा तक्ता मांडीवर घेऊन त्या विचारत गेल्या. वय, शिक्षण, मातृभाषा, कामधंदा. लग्न झालेल्या बायकांसाठी शेवटी वेगळे रकाने होते. आत्ता हयात मुलं किती? एक मुलगा, एक मुलगी. मग त्यांनी विचारलं, जिवंत जन्मलेली एकूण किती? मुलगे आणि मुली वेगळे सांगा. घरात त्या वेळी कोणी नव्हतं. दोन मुलगे, एक मुलगी, मी म्हटलं. त्यांनी मान वर न करता आकडे लिहिले, पेन झटकलं आणि विचारलं, गेल्या वर्षभरात काही?